दशांशचिन्हापुढचं सत्य

नागपुरात सीताबर्डीहून विधानभवनाकडे निघालं की झिरो माइलचा खांब लागतो. ब्रिटिशांच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामात, 1907 साली तो उभा राहिला. खांबावर अंतरं कोरलेली आहेत: हैदराबाद 318 मैल, रायपूर 174, जबलपूर 170, शिवनी 79. खांबाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंचीही दिलेली आहे: 1020.171 फूट. शेजारी चार उधळलेले घोडे आहेत आणि लोक फोटो काढतात ते घोड्यांसोबत. आकडे फारसं कोणी वाचत नाही. नागपूरच्या पोराला मात्र शाळेत नाव घालायच्या आधीपासून एक गोष्ट ठाऊक असते, की हा खांब म्हणजे भारताचा मध्यबिंदू.

एकाच दगडाबद्दल हे दोन दावे. एक दगडावर कोरलेला, तीन दशांश स्थळांपर्यंत. दुसरा लोकांच्या तोंडी. दोन्ही बोलतात गणिताच्या भाषेत, आणि गणिताच्या भाषेत बोललेलं आपण सहसा तपासत नाही. माझ्या ओळखीच्या दोघांत यावरून जो वाद झाला तो इथे देतो आहे. एक आहेत निवृत्त भूकरमापक. उभी नोकरी त्यांनी लोकांची शेतं मोजण्यात घालवली. दुसरी त्यांची पुतणी, कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. नावं छापू नका असं दोघांनीही बजावलं आहे. वाद लांबला होता, मी तो कापला आहे आणि जिथे राहवलं नाही तिथे मध्ये तोंडही घातलं आहे.

काकाजी: खांबावरचा आकडा नीट वाच. 1020.171. शेवटचा एक म्हणजे फुटाचा हजारावा हिस्सा, मिलिमीटरचा साधारण तिसरा भाग. खांबावर धूळ बसली तरी तेवढी उंची वाढून जाते. मग हा आकडा खरा का खोटा, सांगून टाक.

पुतणी: आकडा एकटा खरा-खोटा नसतो, काकाजी. कशापासून मोजलं, कशानं मोजलं, चूक किती असू शकते, एवढं सोबत दिलं की तपासता येतो.

काकाजी: समुद्रसपाटीपासून, असं लिहिलं आहे ना. आता समुद्र कुठला? नागपूरहून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर. या देशात उंची मोजायचं पहिलं मोठं जाळं 1858 ते 1909 या काळात विणलं गेलं. कराची, मुंबई, कारवार, मद्रास, विशाखापट्टणम अशी नऊ ठिकाणं घेतली, वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या, आणि नऊही ठिकाणी सरासरी पाणी शून्यावर आहे असं धरलं. धरलं, बरं का! समुद्राची सरासरी पातळी सगळ्या किनाऱ्यांवर नेमकी सारखी नसते. पाण्याचा खारेपणा, तापमान, वारा, प्रवाह, सगळ्यांचा त्यात हात असतो. पण जाळं जुळवायचं तर कुठंतरी खुंटी ठोकावीच लागते.

पुतणी: म्हणजे शून्य ठरवलेलं आहे, सापडलेलं नाही. त्यात खोटं काय?

काकाजी: खोटं कुठं म्हणून राहिलो मी? पण पॉइंट एक सात एक वाचणाऱ्याला वाटते, हा आकडा वरून देवानं पाठवला. ठरवाठरवी कोणाला दिसत नाही.

इथे मी एव्हरेस्टची गोष्ट काढली. याच सर्वेक्षणात शिखर क्रमांक 15 ची उंची राधानाथ सिकदारांच्या गणनेतून पुढे आली. वेगवेगळ्या ठाण्यांवरून निघालेल्या उंचींची सरासरी म्हणे बरोबर 29,000 फूट भरली. एवढा गोल आकडा लोकांना अंदाजपंचे वाटेल म्हणून सर्वेक्षणाचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी त्यात दोन फूट घातले आणि 1856 साली 29,002 जाहीर केलं. गोष्टीला तिखटमीठ लागलं असेल, पण 29,002 हा आकडा नकाशांवर अनेक दशकं राहिला हे खरं. खऱ्याला खरं दिसण्यासाठी थोडं खोटं व्हावं लागलं, असं मी म्हणून बघितलं. पुतणीला ते आवडलं नाही.

पुतणी: ती खोड माणसांची, गणिताची नाही. म्हणूनच मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. उंची, अंतर, क्षेत्रफळ ही जगाबद्दलची विधानं आहेत, त्यांत आकडे वापरलेत इतकंच. निव्वळ गणिताचं विधान वेगळं. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180 अंश. याला ना समुद्र लागतो ना खुंटी. हजार वर्षांपूर्वी खरं होतं, पुढंही राहील.

काकाजी: कोणत्या त्रिकोणाच्या? हिंगणघाटच्या साहेबाला विचारून ये.

हिंगणघाटचा साहेब म्हणजे विल्यम लॅम्बटन. 1802 साली त्यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पोलादी साखळीनं साडेसात मैलांची एक रेषा मोजली आणि त्या रेषेवर पहिला त्रिकोण उभा केला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन माहीत असले की उरलेल्या बाजू कागदावर निघतात, त्यांतल्या एका बाजूवर पुढचा त्रिकोण. असे त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो वीस वर्षं उत्तरेकडे सरकत राहिला. कोन मोजायचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा. टेकड्यांवर, देवळांच्या गोपुरांवर तो चढवावा लागे. 1808 मध्ये तंजावरला गोपुरावर ओढताना तो आपटला, तेव्हा लॅम्बटननं तंबूत बसून, ठोकून-ठोकून तो स्वतः सरळ केला. पुढे मुक्काम नागपूरला हलवायचा ठरला. सत्तरीच्या आसपासचा हा माणूस निघाला आणि वाटेत 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला वारला. कबर तिथेच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या किती शाळांच्या सहली तिथे जातात हे विचारायची सोय नाही.

काकाजी: त्या साहेबाच्या मोठ्या त्रिकोणांत बेरीज 180 येणारच नव्हती. जमीन गोल आहे ना बाप्पा! 50 किलोमीटर बाजूंचा समभुज त्रिकोण घे, बेरीज कोनाच्या मापातल्या साडेपाच सेकंदांनी जास्त भरते. विषुववृत्तावर दोन ठिकाणं नीट निवडून उत्तर ध्रुवाशी जोडली तर तिन्ही कोन काटकोन, बेरीज 270. आणि हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात यंत्र लावलं की हिशेबाच्या वर आणखी सेकंद-दोन सेकंद कमीजास्त निघतातच. हवा थरथरते, डोळा चुकते, यंत्राचे दाते झिजतात. मग आम्ही ती चूक तिन्ही कोनांत वाटून टाकतो. चूक वाटून टाकणे, हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. तुझ्या 180 चं देऊळ आमच्या वाटलेल्या चुकांवर उभं आहे.

पुतणी: माझं विधान चुकलं नाही, अर्धं बोललं गेलं. ‘सपाट पृष्ठावर’ हे शब्द मी गाळले. युक्लिडनं समांतर रेषांबद्दल एक गृहीतक धरलं होतं, 180 त्यातून येतं. ते गृहीतक सोडलं तरी भूमिती मोडत नाही, दुसरी भूमिती तयार होते. लॅम्बटन गेला त्याच 1823 च्या नोव्हेंबरात यानोश बोल्याई नावाच्या हंगेरियन तरुणानं वडिलांना पत्र लिहून कळवलं होतं, की आपण शून्यातून नवं जग निर्माण केलं आहे. ते जग म्हणजे हेच, जिथे त्रिकोणाची बेरीज 180 हून कमी भरते. तेव्हा गणितातलं सत्य नेहमी ‘जर’नं सुरू होतं. जर ही गृहीतकं, तर हा निष्कर्ष. ‘जर’ गाळून नुसता ‘तर’ सांगितला की तुमच्यासारख्यांना संधी मिळते.

काकाजी: म्हणजे तुमचं सत्य अटी आणि शर्ती लागू.

पुतणी: हो, पण अटी लेखी असतात. दुसऱ्या कोणत्या सत्याच्या अटी इतक्या उघड असतात?

हा टोला काकाजींना लागला असावा, कारण त्यांनी मोर्चा वळवला. ते कापरेकरांवर गेले. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी 1949 मध्ये शोधलेली 6174 ची करामत मराठी वाचकाला नवी नसावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात खेपांत 6174 येतं आणि तिथेच थांबतं, कारण 7641 वजा 1467 म्हणजे पुन्हा 6174.

काकाजी: हे सत्य संख्येचं की लिहिण्याच्या तऱ्हेचं? माणसाला आठच बोटं असती तर?

पुतणी: (रुमालावर गणित मांडत) आठच्या पायात 7641 वजा 1467 बरोबर 6152. गेला 6174 चा मान. तर हे लिहिण्याच्या तऱ्हेचं सत्य आहे, मान्य. कापरेकरांचं काम इंग्रजी मासिकांतून जगभर पोचेपर्यंत बऱ्याच गणितज्ञांनी त्याला करमणूक म्हटलं ते याच कारणानं. मला स्वतःला तो उद्धटपणा वाटतो. पण सतरा ही संख्या अविभाज्य आहे, हे कोणत्याही पायात लिहा, रोमन आकड्यांत लिहा, खडे मांडून बघा, बदलत नाही. आणि ‘दहाच्या पायात असं घडतं’ हे विधान तर आठ बोटांच्या माणसालाही सिद्ध करता येईल.

काकाजी: जे जे खरं आहे ते सगळं तुमच्या भाषेत सिद्ध होते का मग?

पुतणी: नाही. 1931 मध्ये कुर्ट गोडेलनं दाखवलं, की अंकगणित मावेल इतकी समर्थ आणि आपलंच म्हणणं न खोडणारी कोणतीही नियमावली बनवा, तिच्या भाषेत खरं असूनही तिच्या नियमांनी सिद्ध न होणारं विधान निघतंच. खरं असणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं.

काकाजी: सातबाऱ्यावर नाव चढलं नाही म्हणून वहिवाट खोटी होत नाही, तसं.

पुतणी काही वेळ गप्प राहिली. गोडेल शिकवताना हे उदाहरण वापरू का, असं तिनं नंतर मला बाजूला घेऊन विचारलं. वापर म्हटलं, फक्त काकाजींना सांगू नकोस.

मोजणीदार माणूस सत्याबद्दल बोलू लागला की शेवटी बांधावर येतो. काकाजी आले.

काकाजी: माझ्या नोकरीत एक भांडण मी किती वेळा पाहिलं असेल! दोन शेतं, चारही बाजू दोन्हीकडे सारख्या भरतात. शेतकरी म्हणते, बाजू सारख्या तर क्षेत्र सारखंच पाहिजे, साहेब पैसे खाऊन राहिला. आता शंभर-शंभर मीटरच्या चार बाजू घे. चौरस असला तर एक हेक्टर. तोच चौकोन एका अंगानं दाबला, कोपऱ्याचा कोन 60 अंश केला, तर 86 आर आणि 60 चौरस मीटर. तेरा आरांहून जास्त जमीन गेली, एकराचा तिसरा हिस्सा, आणि बाजू एका सेंटिमीटरनंही कमी झाली नाही! म्हणून आम्ही कर्ण मोजतो. कर्ण मोजल्याशिवाय चौकोनाचं क्षेत्र सांगणारा मोजणीदार मी तरी दारात उभा करणार नाही.

पुतणी: भास्कराचार्य तर त्याला पिशाच म्हणतात.

काकाजी: काय म्हणतात?

पुतणी: लीलावतीत आहे. 1150 चा ग्रंथ. चौकोनाच्या फक्त बाजू देऊन त्याचं क्षेत्रफळ विचारणारा पिशाच, आणि उत्तर देणारा त्याहून मोठा पिशाच, कारण चौकोनाचा आकार नुसत्या बाजूंनी ठरत नाही हे त्याला कळत नाही. याच ग्रंथात परिघासाठी दोन गुणोत्तरं आहेत. 3927 भागिले 1250, ते सूक्ष्म. आणि 22 भागिले 7, ते स्थूल, व्यवहारापुरतं. कोणतं कशासाठी, ते तिथेच सांगितलं आहे.

काकाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. आठ-नऊशे वर्षांपूर्वीचा खानदेशातला एक माणूस आपल्या बाजूनं साक्ष देतो आहे, असा आनंद. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या देवळात 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ काढला आणि त्याला यादव राजांच्या मांडलिकांनी दान दिलं, याची ती नोंद. दगडावर कोरून ठेवायची हौस ब्रिटिशांच्या फार आधीची आहे.

मला या पिशाचाच्या गोष्टीत वादाची किल्ली सापडली. भास्कराचार्यांचा राग चुकीच्या उत्तरावर नाही, अपुऱ्या प्रश्नावर आहे. चौकोनाचं क्षेत्रफळ अमुक, हे कर्णाशिवाय ना खरं ना खोटं. मग ‘नागपूर भारताच्या मध्यावर आहे’ याचं काय? मी तो प्रश्न दोघांपुढे ठेवला.

पुतणी: मध्य म्हणजे काय, ते आधी सांगा. पाठ्यपुस्तकातले आकडे घेऊ. मुख्य भूमी दक्षिणोत्तर 8 अंश 4 मिनिटं ते 37 अंश 6 मिनिटं, पूर्व-पश्चिम 68 अंश 7 मिनिटं ते 97 अंश 25 मिनिटं. दोन्हींचा मध्य काढला तर बिंदू पडतो छत्तीसगडात, कोरबाच्या थोडा उत्तरेला. दक्षिणेचं टोक कन्याकुमारीऐवजी निकोबारचा इंदिरा पॉइंट धरला, 6 अंश 45 मिनिटं, तर तोच बिंदू सत्तरएक किलोमीटर खाली सरकतो. आता दुसरी व्याख्या: नकाशा पुठ्ठ्यावर कापायचा आणि तो बोटावर कुठे तोलला जातो ते बघायचं. दक्षिणेकडे देश निमुळता होत जातो, त्यामुळे वजन उत्तरेकडे. हा बिंदू मध्य प्रदेशाकडे जातो. कटनी जिल्ह्यात करौंदी नावाचं गाव आहे, तेही देशाचा मध्य म्हणून मिरवतं, तिथेही स्मारक आहे.

काकाजी: पण खांब 1907 चा. तेव्हाचा भारत आजचा नाही.

पुतणी: बरोबर. मग कराची-पेशावर घ्या, ढाका घ्या. आणि ब्रह्मदेश? 1937 पर्यंत तोही ब्रिटिश हिंदुस्थानातच होता. तो घेतला की बिंदू पूर्वेला सरकतो, सोडला की पश्चिमेला. दोन्ही वेळा ढोबळ हिशेबातही तो नागपूरच्या बराच उत्तरेला राहतो.

काकाजी: म्हणजे आमचा झिरो माइल खोटा?

पुतणी: खांब खोटा कसा असेल? तो उंचीची पक्की खूण आहे, ती त्यानं शंभर वर्षांहून जास्त काळ सांभाळली. मध्यबिंदूचं वाक्य मात्र खोटं ठरण्याइतकंही स्पष्ट कधी बोललं गेलं नाही. कोणता देश, कोणती व्याख्या, बेटं आत की बाहेर, काहीच नाही. मध्याच्या चार व्याख्या करा, चार गावं निघतील. मला चारही चालतील. व्याख्या करायला गणितात मोकळीक असते. तिच्याशी प्रामाणिक राहिलात की झालं.

काकाजी: मोकळीक तुला आहे. खांबाजवळच गोवारी स्मारक आहे ना? तिथल्या लोकांना विचार व्याख्येची मोकळीक.

23 नोव्हेंबर 1994. हिवाळी अधिवेशन चालू होतं. आदिवासी म्हणून मान्यता मागणारा गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर निघाला आणि चेंगराचेंगरीत 114 माणसं मेली. मागणीचा गाभा एका नोंदीचा होता. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ही नोंद गोवारींचीच, असा निकाल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2018 मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये तो रद्द केला.

काकाजी: 114 हा आकडा बघ. यात दशांश नाही, सरासरी नाही, धरलेलं शून्य नाही. मोजणीत याहून पक्की मोजणी नाही. पण ती माणसं ज्या यादीसाठी मेली, ती यादी व्याख्येवर चालते, आणि व्याख्या करणारे दुसरेच. तू म्हणते, चार व्याख्या करा, चारही चालतील. कागदावर चालतील.

पुतणी: (बऱ्याच वेळानं) हे मला मान्य आहे. गणितात व्याख्येचा त्रास बिंदूला होत नाही.

वाद इथे संपला असता तर काकाजी जिंकले असं मी लिहिलं असतं. पण पुतणीकडे आणखी एक गोष्ट होती, आणि ती पुन्हा लॅम्बटनच्याच त्रिकोणांतून आली.

पुतणी: तुमचं म्हणणं असं, की आकडे ठरवलेले, व्याख्या ठरवलेल्या, गृहीतकं ठरवलेली, मग यात जगाचं सत्य कुठे येतं? तर ऐका. लॅम्बटननंतर जॉर्ज एव्हरेस्टनं ती त्रिकोणांची माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कलियानपूर आणि उत्तर प्रदेशात मुझफ्फरनगरजवळचं कलियाना, ही दोन ठिकाणं. अंतर सुमारे 600 किलोमीटर. दोघांच्या अक्षांशांतला फरक दोन तऱ्हांनी काढला. एकदा त्रिकोणांवरून, एकदा ताऱ्यांवरून. दोन उत्तरांत 5.236 सेकंदांचा फरक निघाला. जमिनीवर साधारण 160 मीटर.

काकाजी: 600 किलोमीटरला 160 मीटर? आमच्या खात्यानं वाटून टाकली असती.

पुतणी: एव्हरेस्टचाही कल ती मोजणीतलीच चूक मानण्याकडे होता. पण कोलकात्याला जॉन प्रॅट नावाचा आर्चडीकन होता, चर्चचा माणूस आणि गणिती. तो म्हणाला, ताऱ्यांचे वेध घेताना यंत्र ओळंब्यानं उभं करतात, आणि हिमालयाचं एवढं प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. किती ओढेल? त्यानं हिशेब केला. 1855 मध्ये छापून आला. उत्तर आलं 15.885 सेकंद.

काकाजी: हवे होते पाच, आले सोळा.

पुतणी: तिप्पट. गणित बरोबर, मोजणी बरोबर, न्यूटनचा नियम बरोबर, आणि जुळत काहीच नाही. म्हणजे चूक चौथ्याच जागी होती. हिमालय म्हणजे जमिनीवर ठेवलेला दगडांचा ढीग, हे जे आपण न बोलता धरून चाललो होतो, तिथे. त्याच वर्षी जॉर्ज एअरीनं सुचवलं, की डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात, म्हणून ओढ कमी पडते. पृथ्वीच्या कवचाबद्दलचा आजचा विचार इथून सुरू होतो. हिमालयाच्या पोटात कोणी खणायला गेलं नव्हतं, काकाजी. दोन आकडे जुळेनात, एवढ्यावरून कळलं.

काकाजी: आणि आकडे जुळत नाहीत हे दिसलं कशामुळं? सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत लिहिले होते म्हणून. अंदाजे म्हटलं असतं तर हिमालय आजही दगडांचा ढीगच राहिला असता.

पुतणी: म्हणजे दशांशचिन्हापुढचे आकडे तुम्हाला पटले?

काकाजी: मोजणाऱ्याच्या वहीतले पटले. दगडावर कोरले की लोक त्यांना नमस्कार करतात, ते नाही पटत.

दोघांत निवाडा करायची माझी पात्रता नाही, पण ऐकणाऱ्यालाही मत असतं. काकाजी म्हणतात तसे आकडे ठरवलेल्या शून्यावर उभे असतात. पुतणी म्हणते तशी त्या शून्याची नोंद उघड ठेवता येते. माझ्या मते गणिताच्या भाषेला सत्याची भाषा म्हणणं ही तिची खोटी स्तुती आहे. या भाषेत खोटं इतर कुठल्याही भाषेइतक्याच सहजपणे बोलता येतं. जाहिरातींत, अर्थसंकल्पांत, निवडणुकीच्या सभांत ते रोज बोललं जातं, तेही टक्क्यांत आणि दशांशांत. फरक एवढाच, की या भाषेत पूर्ण वाक्य बोलायची सक्ती केली तर ते वाक्य पकडलं जाऊ शकतं. 5.236 आणि 15.885 समोरासमोर आले तेव्हा त्यांच्यात मांडवली करायला जागा नव्हती. ‘नागपूर देशाचं हृदय’ या वाक्यात अशी जागा भरपूर आहे, म्हणून ते आजवर कोणी पकडलं नाही. आम्हा नागपूरकरांना ते फार प्रिय आहे, मलाही आहे. पण त्या प्रेमाला भूगोलाचा दाखला लागत नाही.

म्हणून नागपूर-वर्ध्याच्या शिक्षकांना एक विनंती. सातवी-आठवीच्या मुलांकडून भारताचा नकाशा पुठ्ठ्यावर कापून घ्या. कडेला दोन भोकं पाडा, एकेका भोकातून तो दोऱ्यानं टांगा, दोऱ्याच्या रेषेत ओळंबा सोडून रेघ मारा. दोन रेघा जिथे छेदतील तो मध्य. एका गटाला आजचा देश द्या, दुसऱ्याला 1907 चा ब्रह्मदेशासकट, तिसऱ्याला वेगळ्या प्रक्षेपाचा नकाशा. तीन गटांची तीन गावं येतील आणि पोरं भांडतील, त्यांना भांडू द्या. फक्त फळ्यावर कोणतंही गाव लिहायच्या आधी त्या गटाकडून प्रश्न पूर्ण लिहून घ्या: कोणता भारत, बेटं धरली की सोडली, नकाशा कोणता, आणि रेघ मारताना हात किती हलला.